भल्यासाठी लावलेलं कुलूप

१९६४ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात १५ वर्षांच्या एका मुलावर आरोप आला, शेजारच्या बाईंना फोन करून अश्लील बोलल्याचा. मोठ्या माणसाने हेच केलं असतं तर फार तर ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद. या मुलाला सुधारगृहात धाडलं, वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत! वकील नाही, तक्रार करणाऱ्या बाई साक्षीलाही आल्या नाहीत. कारण काय, तर ही शिक्षा नाहीच, त्याच्या भल्यासाठी आहे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला.

इटलीत हातून गुन्हा घडलेल्या मनोरुग्णांसाठी सहा बंदिस्त रुग्णालयं होती. मुदत संपली की पुन्हा वाढवायची, पुन्हा वाढवायची. किरकोळ गुन्ह्यातली माणसंही वर्षानुवर्षं आतच. लोक त्याला ‘पांढरी जन्मठेप’ म्हणत. हे दोन शब्द वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाहीत.

कुलूपच नको, असं मी म्हणत नाही. एखादा मुलगा कुणाच्या जिवावर उठतो, एखाद्याला आजाराच्या भरात आपण काय करतोय याचं भान राहत नाही. तेव्हा दार बंद ठेवावंच लागतं. ज्यांना इजा झाली त्यांनाही रात्री निर्धास्त झोप यायला हवी. पण शिक्षेला तारीख असते. ‘सुधारणा’ आणि ‘उपचार’ यांना ती नसते, आणि घात तिथेच होतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं ३७ वं कलम स्पष्ट आहे: मुलाला डांबणं हा शेवटचा उपाय, तोही कमीत कमी काळासाठी.

इटलीने २०१४ च्या कायद्याने हे बदललं. जन्मठेपेचे गुन्हे सोडले, तर त्या गुन्ह्याला जेवढी कमाल शिक्षा, त्यापेक्षा जास्त काळ कुणाला आत ठेवायचं नाही. जुन्या रुग्णालयांच्या जागी जास्तीत जास्त २० खाटांची केंद्रं आली. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यानेही १९८३ मध्ये बूनव्हिलची भलीमोठी सुधारशाळा बंद केली आणि दहा-बारा मुलांचे छोटे गट केले. एवढ्याशा गटात कोण गप्प झालंय, कोण जेवत नाहीये, हे कुणाच्या तरी लक्षात येतंच. मोठ्या इमारतीत फक्त हजेरी लागते.

माझी मागणी साधी आहे. आत आल्या दिवशीच त्या माणसाच्या हातात कागद द्या: पुढची फेरतपासणी कोणत्या तारखेला, ती कोण करणार, वकील कोण. आणि तपासणारा डॉक्टर त्याच संस्थेचा पगारी नोकर नसावा.