‘वाइन जितकी जुनी तितकी भारी’? थांबा जरा

रेड वाइनबद्दल एक सल्ला सारखा फिरत असतो: कुठलीही बाटली आणा, अंधाऱ्या कपाटात दहा-पंधरा वर्षं पडू द्या, चव आपोआप वाढते, पिण्याआधी तासभर बूच काढून ठेवा, आणि तळाशी गाळ दिसला तर वाइन बिघडली समजून ओतून द्या. या सल्ल्यापायी चांगल्या बाटल्या वाया जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कुठलीही बाटली’ हे तर साफ चूक. बहुतेक रेड वाइन पहिल्या काही वर्षांत पिण्यासाठीच बनते. फ्रान्सची बोजोले नूव्हो द्राक्षतोडणीनंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येते. ताज्या फळाचा सुगंध हाच तिचा जीव. तो गेला की प्यावं असं फारसं काही उरत नाही. याउलट इटलीची बारोलो. नियमानुसार किमान ३८ महिने, त्यातले १८ लाकडी पिंपात, मुरल्याशिवाय ती विकताच येत नाही. तरीही कोवळी असताना हिरड्या आवळून येतील इतकी तुरट लागते. हा तुरटपणा टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या तुरट द्रव्याचा. वर्षं सरतात तसे टॅनिन आणि रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात, तुरटपणा मऊ होतो. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा: कडेचा जांभळा रंग जाऊन विटकरी झालेला दिसेल. वासात फळ मागे पडतं. चामडं, तंबाखू, सुकलेली फुलं, ओली माती पुढे येते. मला हे वास फार प्रिय आहेत, पण ज्याला रसरशीत फळच हवं त्याने खुशाल कोवळी वाइन प्यावी. त्यात कमीपणा कसला?

अंधार हवा हे खरं, पण नुसत्या अंधाराने भागत नाही. तापमान १२ ते १४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि वर्षभर स्थिर लागतं. उष्णता वाढली की वाइन प्रसरण पावून बुचावर दाब देते, थंडावली की आकसून हवा आत ओढते. म्हणूनच जुनी बाटली घेताना मानेतली वाइनची पातळी आधी बघावी; ती फार खाली असेल तर हवा आत शिरलेली असू शकते. आडवी ठेवायची ती बूच ओलं राहावं म्हणून; स्क्रूकॅपला, म्हणजे फिरवून उघडायच्या झाकणाला, त्याची गरज नाही.

तासभर बूच काढून ठेवल्याने जवळपास काहीच घडत नाही. मानेतून हवेला मिळते जेमतेम दोन सेंटिमीटरची जागा! दणकट कोवळी वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद पोटाच्या काचेच्या सुरईत, ओतावी. खूप जुनी मात्र नाजूक असते, तिचा सुगंध बघता बघता उडून जातो. ती उघडून लगेच चाखावी.

गाळाचं तर मला वाईटच वाटतं. तो टॅनिन आणि रंगद्रव्यांच्या त्या जोडल्या गेलेल्या रेणूंचाच असतो, निरुपद्रवी. बाटली आदल्या दिवशी उभी करा, बूच हलक्या हाताने काढा, मानेखाली टॉर्च धरून एका संथ धारेत ओता, आणि गाळाची काळपट रेघ बाटलीच्या खांद्याशी आली की हात थांबवा. बिघाड नाकाला कळतो: ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर तो बहुधा बुचातून वाइनमध्ये उतरणाऱ्या टीसीए या संयुगाचा, आणि कितीही हवा दिली तरी तो जात नाही.

राहिला दहा-पंधरा वर्षांचा आकडा. तो सगळ्यांना लागू पडेल असा नसतोच. शक्य असेल तर मुरणाऱ्या एकाच वाइनच्या चार-सहा बाटल्या घ्या आणि दर दोन-तीन वर्षांनी एक उघडा. फळ ओसरायला लागलंय असं जाणवलं, की उरलेल्या फार काळ ठेवू नका.