पाणी पुढे ढकला, पैसे वाचवा

सोसायटीच्या सभेत पावसाळी पाण्याचा विषय निघाला की लगेच विचारा, 'याचा खर्च कोणी करायचा?' निम्मी लढाई तिथेच जिंकता येते. गच्चीचे पाइप बोअरवेलपर्यंत न्या, शोषखड्ड्यात खडी-वाळू भरा, दर मे महिन्यात गाळ उपसा, हे सगळं महापालिकेच्या हौसेखातर आपण का करायचं? पाऊस काय सोसायटीने मागवलाय?

शोषखड्डा बिल्डरने करून दिलेला असतोच, नाहीतर त्याला भोगवटापत्र कुठलं मिळायला! तो उघडून बघायचा मोह मात्र टाळा. त्यावर कुंड्या ठेवा, नाहीतर चेअरमनसाहेबांची दुसरी गाडी. पावसाचं पाणी जिरवल्याबद्दल मालमत्ता करात मिळणारी सवलत तेवढी न चुकता घ्या. कर भरणाऱ्याने कागद दाखवायचा असतो, खड्डा नव्हे.

आवारात कुठे माती दिसली तर ताबडतोब पेव्हिंग ब्लॉक घाला. चिखल होत नाही, दुचाक्या जास्त मावतात आणि पाणी मुरत बसण्यात वेळ न घालवता थेट फाटकाबाहेर जातं. फाटकाबाहेरचं पाणी आपलं नसतं, हे एकदा मनावर बिंबवलं की झालं. (सिमेंटचा नवा रस्ता फाटकापेक्षा वीतभर उंच झाला असेल तर तेच पाणी उलटं आत शिरतं. अशा वेळी फाटकाशी उंचवटा घालावा, म्हणजे ते शेजारच्या सोसायटीत जातं. त्यांनी आधीच उंचवटा घातला असेल तर ते लोक अत्यंत आपमतलबी आहेत, असं समजावं.)

कोणी हौशी सभासद हिशेब मांडेल. 1,000 चौरस मीटर गच्ची, वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस, म्हणजे 7 लाख लिटर पाणी. 10,000 लिटरच्या टँकरने मोजलं तर 70 टँकर. थोडं वाया जाईल म्हणून 50 धरा, असंही म्हणेल. त्याला शांतपणे सांगा की टँकरचे पैसे उन्हाळ्यात द्यायचे असतात आणि खड्ड्याचे आत्ता.

प्लॉटच्या कडेला ओढा असेल तर तुमचं नशीबच थोर. ओढ्यालगत जागा मोकळी सोडा म्हणणाऱ्यांना इतिहास ऐकवा. नानासाहेब पेशव्यांनी पुण्यातल्या आंबील ओढ्याचा प्रवाहच वळवला होता, मग आपण त्याला चार फूट सरकवलं तर बिघडलं कुठे? पेशव्यांनी पाण्याला दुसरी वाट करून दिली होती, हा तपशील सांगत बसू नका. आपण फक्त भराव टाकायचा. वाट पाणी स्वतः शोधतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याने ती अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल अशी शोधली. भिंती पडल्या, गाड्या कागदासारख्या वाहून गेल्या, शहर आणि जिल्हा मिळून 20 हून जास्त माणसं मेली. यातला एक रुपयाही आपल्या मेंटेनन्सच्या बिलात आला नाही, हे सभेला आवर्जून सांगा. ओढ्याच्या वरच्या अंगाला राहण्याचा हाच तर फायदा.

नदीकाठी फ्लॅट घेताना पूररेषांनाही घाबरू नका. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. गृहकर्ज 20 वर्षांचं असतं, म्हणजे पुराआधी हप्ते फिटतात. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, त्याचं कारण एवढंच की कर्जाची मुदत खडकवासला धरणाला कळवायची राहून गेली होती.

तरीही एखाद्या वर्षी पाणी तुमच्याच पार्किंगमध्ये आलं, तर लगेच फोटो काढा आणि 'प्रशासन झोपलंय का?' असं लिहून नगरसेवकापासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सगळ्यांना पाठवा. मागे पेव्हिंग ब्लॉक दिसणार नाहीत, एवढी काळजी घ्या. पंप, लिफ्टची मोटर आणि मीटरच्या खोलीची दुरुस्ती अहवालात 'इतर खर्च' म्हणून टाका. त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. शोषखड्ड्याच्या सफाईचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेत ढकला आणि सगळे चहाला उठायच्या आत टँकरचे नवे दर मंजूर करून घ्या.