तीन हजार वॅट आणि हरणाचा खिमा

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास उगवतो. इथे विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. आपल्यातलेही काही जण आता शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर नारिंगी जाकीट चढवून जंगलात जायला लागलेत, म्हणून तो फिरतो. मजकूर थोडक्यात असा: "हरणाचं मांस बोकडापेक्षा चिवट. घरी खिमा करायचा तर किमान ३००० वॅटचं, ३२ नंबरचं, पूर्ण स्टीलचं मशीनच घ्या. मिक्सरला जोडायचं खेळणं घेऊ नका. मांस फ्रीजबाहेर ठेवून मऊ होऊ द्या, मग दळा. २० टक्के डुकराची चरबी घालाच. घरचा खिमा शंभर टक्के शुद्ध. मशीनचे पैसे दोन हंगामांत वसूल."

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं नाहीतर अर्धवट आहे. पहिल्या वर्षी मीही यावर विसंबून दुकानात गेलो होतो, त्यामुळे थोडा राग आहे हे आधीच सांगतो.

आधी ते ३००० वॅट. इथल्या घरातलं साधं सॉकेट १२० व्होल्टचं आणि १५ अँपिअरचं. गुणाकार करा: १८०० वॅट. त्याहून जास्त ओढलंत तर थोड्या वेळात ब्रेकर पडतो. मग ३००० वॅटचं मशीन त्याच सॉकेटवर तासभर चालतं ते कसं? तर ते ३००० वॅट घेतच नाही. खोक्यावरचा तो आकडा म्हणजे मोटर जाम झाली तर क्षणभर ओढेल ती वीज. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे ३००० वॅटला चार हॉर्सपॉवर झाले. एवढी मोटर एका हाताने उचलून ओट्यावर ठेवता येईल का, याचा विचार केला तरी पुरे. खोक्याकडे बघू नका, मशीन उलटं करून बुडाची पट्टी वाचा. तिथे अँपिअर लिहिलेले असतात. त्यात ५ अँपिअर असेल तर तुमचं '३००० वॅट' खरं म्हणजे ६०० आहे. आणि ६०० वॅट वाईट नाहीत! पाऊण हॉर्सपॉवरची, नीट गिअर लावलेली मोटर एका घराच्या हरणाला पुरून उरते. मोटर कोणत्या जातीची हे वॅटपेक्षा महत्त्वाचं. आपल्या मिक्सरसारखी किंचाळणारी ब्रशची मोटर हलकी आणि स्वस्त असते, पण लवकर तापते. इंडक्शन मोटर जड असते, गुणगुणते आणि दमत नाही.

नंबराचंही असंच. ५, ८, १२, २२, ३२ हे आकडे ताकदीचे नाहीत, तोंडाच्या मापाचे आहेत. फिलाडेल्फियाच्या एंटरप्राइझ कंपनीची एकोणिसाव्या शतकातली हाताने फिरवायची बिडाची यंत्रं अजून जुन्या बाजारात मिळतात, त्यांच्यावरही हेच आकडे ओतलेले दिसतात. तेव्हा वॅट कुठले! ८ नंबरची जाळी, म्हणजे तोंडावरची भोकांची चकती, साधारण ६२ मिलिमीटर व्यासाची, १२ची ७०, २२ची ८२, ३२ची १०० च्या आसपास. म्हणजे ३२ नंबरच्या जाळीचं क्षेत्रफळ ८ नंबरच्या अडीचपट. त्यातून मांस भराभर निघतं, हे खरं. पण त्यासाठी मागे तेवढी मोटर लागते, धुवायचे भाग तेवढेच मोठे होतात, आणि काम संपल्यावर त्या नळीत अडकून राहणारं मांसही जास्त.

आणि एवढ्या घाईने दळायचं तरी किती? गेल्या वर्षी माझ्या वाट्याच्या मादीचं हाडं काढून १९ किलो मांस निघालं. पाठीच्या कण्यालगतच्या दोन पट्ट्या आणि मांडीचे मोठे तुकडे बाजूला ठेवले. फऱ्या, मान, सीना आणि बाकीची छाटण मिळून १२ किलो खिम्याला राहिलं. १२ नंबरच्या मशीनने ते पंधरा मिनिटांत संपवलं. त्याआधी ते मांस साफ करायला आम्हा दोघांना साडेतीन तास लागले. ३२ नंबर घेतलं असतं तर त्या पंधरातली दहा मिनिटं वाचली असती, बस. दोन-तीन किलोच करायचं असेल तर पीठ मळायच्या स्टँड मिक्सरला लावायची जोडणीसुद्धा चालते, फक्त मांस छान थंड हवं, तुकडे लहान हवेत आणि मध्ये मध्ये मशीनला दम खाऊ द्यायला हवा. 'खेळणं' वगैरे काही नाही.

आता 'हरणाचं मांस चिवट' या मुद्द्याशी जरा थांबतो, कारण सगळा घोळ इथे आहे. इथल्या व्हाइटटेल जातीच्या हरणाचा लाल भाग चिवट नसतोच. त्यात चरबी जवळपास नाही, मशीनला तो सोपा जातो. चिवट असते ती स्नायूवरची चंदेरी झिल्ली आणि पायाकडच्या कंडरा. माझ्या पहिल्या वर्षीचा प्रसंग सांगतो. गॅरेजमध्ये टेबल मांडलं, नवं कोरं मशीन, पहिले दोन किलो झकास निघाले. मग जाळीतून दाणा यायचा थांबला आणि गुलाबी लगदा यायला लागला, टूथपेस्टसारखा. मोटरचा आवाज खाली गेला. मी मूर्खासारखा दांड्याने आणखी मांस दाबत राहिलो. शेवटी बंद करून तोंडाची रिंग उघडली तर चार पंखांच्या पात्याभोवती पांढऱ्या शिरा अशा गुंडाळल्या होत्या जसा शिवणयंत्राच्या बॉबिनभोवती दोरा. त्या सुरीच्या टोकाने उकलून काढल्या आणि तेव्हा दिसलं की पातं उलटं बसवलंय. पात्याची सपाट बाजू जाळीकडे हवी, ती मी आत, मांस पुढे ढकलणाऱ्या स्क्रूकडे केली होती. अर्धा तास मशीन नीट कापत नव्हतंच, जास्त करून चेंगरत होतं.

खिम्याचं मशीन म्हणजे शेवटी कात्री आहे. पातं हे तिचं एक पान, जाळी हे दुसरं. दोन्ही एकमेकांना चिकटून घासली तरच शीर तुटते. मध्ये केसभर फट पडली की शीर तुटत नाही, ओढली जाते, गुंडाळली जाते, आणि मग तुम्ही कितीही वॅट लावा, ते लगदा करायच्या कामी येतात. म्हणून पैसे जास्त असतील तर मोठ्या मोटरवर घालू नका, एक जादा पातं आणि त्याच्या जोडीची जाळी घ्या. पातं-जाळी जोडीनेच झिजतात, एकीचं पातं दुसरीला लावू नका. बोथट झालं तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ओला करून ठेवायचा आणि पात्याची सपाट बाजू त्यावर गोल गोल घासायची. दहा मिनिटांचं काम. उलटा फिरवायचा खटका असलेलं मशीन मिळालं तर उत्तम, अडकलेलं मांस मागे घेता येतं. हा खटका मला ३२ नंबरापेक्षा मोलाचा वाटतो.

'मांस बाहेर ठेवून मऊ करा' हा सल्ला तर घातक आहे. दोन कारणं. एक, ४ अंश सेल्सिअसच्या वर मांसात जिवाणू भराभर वाढतात. दोन, मऊ मांस पात्याखाली सरकतं, कापलं जात नाही. करायचं नेमकं उलट: तुकडे ताटात पसरून फ्रीझरमध्ये ठेवायचे, कडा कडक आणि आत बोट दाबलं तर दबेल इतके होईपर्यंत. मशीनचं डोकं, स्क्रू, पातं, जाळी हेही सोबत फ्रीझरमध्ये टाका. बर्फासारखं पूर्ण घट्ट झालेलं मात्र घालू नका, त्याने गिअरचे दात जातात.

स्टीलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पातं, जाळी स्टीलची असावीत, आतले गिअर धातूचे असावेत. बाहेरचं डोकं अॅल्युमिनियमचं असलं तरी बिघडत नाही, फक्त ते डिशवॉशरमध्ये घालायचं नाही. तिथल्या क्षाराने ते काळंराखाडी पडतं आणि हाताला रंग लागतो. साध्या कार्बन स्टीलच्या जाळ्या धुतल्या की लगेच पुसून तेलाचा हात द्यायचा, नाहीतर सकाळपर्यंत गंज.

चरबीचं म्हणाल तर २० टक्क्यांचा सल्ला बर्गर आणि सॉसेजवाल्यांचा आहे. तिथे चरबी नसेल तर टिक्की तव्यावर सुटते, कोरडी होते. आपण खिमा करतो तो तेलात कांदा परतून, आलं-लसूण घालून, खोबऱ्याचं वाटण लावून. त्याला डुकराची चरबी कशाला? उलट तिने फ्रीझरमधलं आयुष्य कमी होतं. हरणाची स्वतःची चरबी मात्र काढून टाका, ती मेणासारखी टाळूला चिकटते. आणि १० मिलिमीटरच्या भोकांची जाळी लावून एकदाच काढा, म्हणजे खाटकाने सुऱ्याने ठोकलेल्या खिम्यासारखा दाणा राहतो. कबाब करायचे असतील तरच पुन्हा ४ किंवा ५ मिलिमीटरच्या जाळीतून.

'शंभर टक्के शुद्ध' हे वाक्य वाचून मात्र काळजी वाटते. २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांना वाटायला दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि अन्नछत्रांना तो टाकून द्यायला सांगितलं गेलं. २००९च्या एका अभ्यासात रायफलने मारलेल्या ३० हरणांपैकी २४ हरणांच्या खिम्याच्या पुड्यांत धातूचे तुकडे दिसले. शिशाची गोळी हाडावर फुटली की कण जखमेपासून बरेच लांब जातात, दाताखाली जाणवत नाहीत, आणि मशीन ते सगळ्या खिम्यात नीट कालवून देतं. घरचं मशीन असो की कसायाचं. उपाय मशीनच्या आधीचे आहेत: तांब्याची गोळी वापरा, जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने फेका. दुसरं, हरणांमधला सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग विस्कॉन्सिनात २००२ पासून आहे. तो माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरीण खाऊ नका असं आरोग्य खातं सांगतं, आणि शिजवून किंवा गोठवून तो जात नाही. इथे तपासणी फुकट आहे. निकाल येईपर्यंत दोन हरणांचा खिमा एकत्र करू नका, पुड्यांवर तारीख आणि कोणतं हरीण ते लिहा. आणि खिमा आतपर्यंत ७१ अंशांना शिजलाच पाहिजे, कारण वरचे जिवाणू मशीनने आत नेलेले असतात.

हाच फॉरवर्ड फिरत फिरत साताऱ्याच्या माझ्या आतेभावाकडे पोचला आणि त्याने विचारलं, "दादा, रानडुकराला कुठलं मशीन?" अरे बाबा, तिकडे १९७२चा वन्यजीव कायदा आहे, रानडुक्करही त्याच्या यादीत आहे. मशीन नको, वकील बघावा लागेल. बोकडाचा खिमा कोपऱ्यावरचा खाटीक करून देतोच.

राहिला पैसे वसूल व्हायचा हिशोब. कसाई एका हरणाचे शंभरावर डॉलर घेतो हे खरं. पण मशीन, जादा पातं, व्हॅक्यूम सीलर, पिशव्या, आणि परवान्यावर मिळणारं वर्षाला एखादं हरीण, तेही मिळालं तर. माझे दोन हंगामांत वसूल झाले नाहीत, तिसऱ्यातही नाहीत. मग आम्ही तीन घरांनी मिळून एकच १२ नंबर ठेवलं. ते माझ्या गॅरेजात असतं. ज्याला हवं त्याने न्यावं, अट एकच: परत देताना जाळ्या कोरड्या हव्यात.