ऑपरेटरांनो, आधी चहा सोडा

परवा आमच्या कंपनीत 'आर्थिक नियोजन' या विषयावर मार्गदर्शन झालं. फर्स्ट शिफ्टवाल्यांना सुटल्यावर थांबवलं, सेकंडवाल्यांना अर्धा तास आधी बोलावलं. प्रॉडक्शनचं नुकसान होता कामा नये, एवढं नियोजन कंपनीला चांगलं जमतं. पाहुण्यांनी स्लाइडवर दाखवलं की रोजचे दोन चहा सोडले आणि ते पैसे एसआयपीत टाकले तर माणूस म्हातारपणी लखपती होतो. एचआरच्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या.

वेळेअभावी पाहुण्यांचे काही मुद्दे राहून गेले. चाकण-भोसरी पट्ट्यात सीएनसी, व्हीएमसी (संगणकावर चालणारी, धातू कापायची मशीन) चालवणाऱ्या कंत्राटी बांधवांसाठी ते मी पूर्ण करतो.

पहिली गोष्ट, पगाराची स्लिप वाचू नका. ग्रॉस 18,000 वर नजर ठेवा, ती रक्कम गावाकडं सांगायला बरी पडते. खाली पीएफचे 1,800, ईएसआयचे, म्हणजे दवाखान्याच्या विम्याचे, 135, प्रोफेशनल टॅक्सचे 200, कॅन्टीन आणि बसचे मिळून 1,300 गेले की 14,565 उरतात. तो आकडा बघून बीपी वाढतं.

एका खोलीत पाच जण राहा. शिफ्ट वेगवेगळ्या घेतल्या तर तीन गाद्यांत भागतं, एक उठला की दुसरा आडवा. मालक लाइटचा युनिट कोणत्या दराने लावतो ते विचारू नका, खोली खाली करावी लागते.

आजारी पडायचंच असेल तर पगार 21,000 च्या आत असताना पडा, पुढे ईएसआय नाही.

लग्नाचं मनात आणू नका. मुलीकडचे पहिला प्रश्न 'पर्मनंट आहे का' हाच विचारतात आणि आपण 'होईन पुढच्या वर्षी' म्हणतो. हे उत्तर दरवर्षी चालतं.

सात महिने झाले की निमूट गावी जा. पर्मनंटचा हक्क सांगता येईल असे 240 दिवस भरायच्या आत कामावरून ब्रेक मिळतो, त्याला सुट्टी समजा. पंधरा दिवसांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच गेटमधून आत या, त्याच मशीनवर उभे राहा. फक्त गेटपासचा रंग बदलतो.

आता ओव्हरटाइम. पाहुणे म्हणाले, 'उत्पन्नाचे जास्तीचे स्रोत शोधा.' शोधायला कुठं जायचं, पुढच्या शिफ्टचा रिलिव्हर आला नाही की शिफ्ट इनचार्ज स्वतःच येऊन सांगतो, 'थांब जरा.' हे जरा म्हणजे चार तास. 18,000 ला 26 दिवसांनी आणि 8 तासांनी भागा, तासाला साडेशहाऐंशी रुपये पडतात. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 59 होतं, ओव्हरटाइमला दुप्पट दर द्या म्हणायचं. नव्या कामगार संहितेतही दुप्पटच आहे. म्हणजे तासाला 173, चार तासांचे 692. आम्हाला मिळतात 346, तेही स्लिपवर 'इन्सेंटिव्ह' म्हणून, किंवा ठेकेदाराच्या माणसाकडून पाकिटात. उरलेले 346 कुठल्या एसआयपीत जातात ते पाहुण्यांनी सांगितलं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतले दिवसाचे तास 9 वरून 12 करायला मंजुरी दिली तेव्हा टीव्हीवर केवढी चर्चा झाली! आमच्याकडं बारा तास केव्हाचेच चालू आहेत, मंजुरी मागून आली. आणि अकराव्या तासाला काय होतं ते मी पाहिलंय. शेजारच्या मशीनवर पोराने इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलला, ऑफसेटला, म्हणजे टूल किती सरकवायचं त्या आकड्याला, 0.05 टाकायचं तिथं 0.5 टाकलं. टूल थेट जॉबमध्ये, कापायच्या तुकड्यात, घुसलं. आवाज आला तशी अख्खी लाईन थांबली. मशीनचा फिरणारा कणा, स्पिंडल, गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात निष्काळजीपणाचा मेमो आणि आठवड्याने गेट बंद. दोन मशीन एकाच पोराला कुणी दिल्या, सलग तिसऱ्या रात्री त्याला कुणी थांबवलं, याचा मेमो कुणाच्या नावाने निघाला?

असो. मार्गदर्शन चाललंय, राग बरा नव्हे.

पर्मनंट लोकांचा करार झाला की गेटवर फटाके वाजतात, गुलाल उधळतात. तीन वर्षांसाठी महिन्याला पंधरा-पंधरा हजारांची वाढ. पेढा मिळाला तर घ्या. त्यांच्याच शेजारी उभे राहून, त्याच ड्रॉइंगवर, त्याच 20 मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये (एवढाच फरक चालतो) तुम्ही तेच बोअर (भोक) काढता हे मात्र मनात आणू नका. जुना कंत्राटी कामगार कायदा 1970 चा, त्याखालच्या नियमांत सारख्या कामाला सारखा पगार लिहिलेला होता. नियम वाचल्याने डोळे खराब होतात.

आणि युनियनवाल्या दादांनो, तुम्हाला कधी वाटलं नाही का रे, मागणीपत्रात एक ओळ आमचीही टाकावी? मशीन बंद पडलं की 'ए ट्रेनी, इकडं ये', आणि कराराच्या वेळी आम्ही बाहेरचे?

साहेब, पुरे झालं हे. साठ लाखांचं मशीन ज्याच्या हातात देता त्याला चहा मोजायला शिकवता? लाज वाटत नाही? त्या पाहुण्याला दिलेल्या मानधनात चार पोरांचा महिन्याचा ओव्हरटाइम निघाला असता. पोरं बचत करत नाहीत म्हणता, कशातून करायची? रूमभाडं, गॅस, मेस, घरी पाठवायचे पाच हजार, बहिणीची फी. महिन्याच्या वीस तारखेला खोलीतला एक जण दुसऱ्याकडं उसने मागतो आणि दुसऱ्याकडंही नसतात. आधी ओव्हरटाइम दुप्पट करा, तो स्लिपवर दाखवा, त्यावर सही घ्या. ब्रेकचं नाटक बंद करा. आणि बोलावणारच असाल तर शिफ्टच्या वेळेत बोलावा.