केळ्यातला कापूर आणि तीन दिवसांचा वायदा

आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. ‘मूळव्याध, फिशर, भगंदर सगळं एकच. अनशापोटी पिकल्या केळ्यात हरभऱ्याएवढा कापूर घालून गिळा, तीन दिवसांत मुळासकट बरं. मलमं ही लूट आहे. ऑपरेशन केलं की शौचावरचा ताबा कायमचा जातो.’ खाली पाच जणांनी हात जोडलेले. आमच्या रावेर तालुक्यात केळ्यांना तोटा नाही, कापूर देवघरात असतोच. मी पाच महिने फिशर काढलंय, म्हणून लिहितोय.

‘सगळं एकच’ नाही. मूळव्याधीत आतल्या शिरा फुगतात, रक्त पडतं, पण बहुधा दुखत नाही. भगंदरात आतून बाहेर नळी तयार होते, पू येतो. फिशर म्हणजे गुदद्वाराच्या कडेच्या नाजूक कातडीला पडलेली चीर. शौचाला बसलं की काच ओढल्यासारखं होतं आणि नंतर तास-दोन तास ठणका. सावद्याच्या बाजाराला मी मोटारसायकलवर एका अंगावर बसून जायचो. जुन्या फिशरच्या टोकाशी कातडीचा छोटा कोंब येतो, तोच हाताला लागतो आणि माणूस मूळव्याध समजतो. मीही समजलो. मेडिकलमधून मूळव्याधीचं मलम आणून दोन महिने लावलं. त्यात बधिर करणारं औषध होतं आणि स्टेरॉइड. स्टेरॉइड फार दिवस लावलं तर कातडी आणखी पातळ होते, हे नंतर कळलं.

आता कापूर. तो पोटात गेला तर विष आहे. दोनेक ग्रॅममध्ये मोठ्या माणसाला झटके येऊ शकतात, तेही काही मिनिटांत. लहान मुलाच्या जिवावर त्याहून कमी बेततो. हरभऱ्याएवढा म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या हातावर. ‘मग केळं तरी खाऊ का?’ आबांनी विचारलं. खुशाल खा म्हटलं.

खरी फसवणूक ‘तीन दिवसां’त आहे. आतला जो स्नायू गुदद्वार आवळून धरतो, तो आपल्या इच्छेवर चालत नाही. चीर दुखली की तो आवळतो, आवळला की त्या जागेला रक्त कमी पोचतं, आणि रक्ताविना जखम भरत नाही. दुखतं म्हणून आपण संडास टाळतो, मग खडा होतो, तो पुन्हा चिरत जातो. नवी चीर पाणी, भाजीपाला आणि इसबगोलावर बऱ्याचदा काही आठवड्यांत भरते. सहा-आठ आठवड्यांच्या पुढे गेली की जुनी, आणि तिला तो स्नायू सैल करणारं औषध लागतं. मला सर्जननी २ टक्के डिल्टियाझेमचं मलम दिलं: दिवसातून दोनदा, हरभऱ्याएवढं (हो, इथेच तो हरभरा), बोटाने कडेला आणि किंचित आत, आठ आठवडे. दुसरं नायट्रोग्लिसरीनचं असतं, त्याने अनेकांचं डोकं दुखतं.

दहाव्या दिवशी माझा ठणका गेला. मला वाटलं, झालं बरं. मलम बंद. मे महिना, लग्नसराई, अंगाची लाही, पाणी म्हणावं तसं पोटात नाही, आणि हळदीला दोन वाट्या झणझणीत शेवभाजी. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या भांड्यात लाल धार. ठणका थांबणं आणि चीर भरणं यांत आठवडे जातात. पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू केलं. शौचानंतर टबात कोमट पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं बसायचं, त्यात मीठ-हळद काही लागत नाही. इसबगोल पेलाभर पाण्यासोबतच घ्यायचं, नाहीतर तेच बद्धकोष्ठ करतं. कळण्याची भाकरी चालू ठेवली, ठेचा बंद.

ऑपरेशनबद्दलचा मुद्दा अगदी हवेतला नाही. त्यात आतल्या स्नायूचा थोडा भाग कापतात, आणि ९० टक्क्यांहून जास्त लोकांची चीर भरते. काहींना वायू आवरत नाही किंवा कपड्याला डाग लागतो. बहुतेकांचं ते काही आठवड्यां-महिन्यांत जातं, थोड्यांचं राहतं. अवघड बाळंतपण झालेल्या बायकांना धोका जास्त, म्हणून हे आधीच सांगायचं. मलमाने जमलं नाही तर मध्ये तोच स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनचाही पर्याय असतो. माझ्यावर ऑपरेशनची वेळ आली नाही. चीर मागे मधोमध नसून बाजूला असेल, एकाहून जास्त असतील, ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर मलमावर न थांबता क्षयरोग, क्रोन्स (आतड्यांच्या जुनाट सुजेचा आजार) यांची तपासणी लागते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. रात्री बायकोला पुतण्याच्या बायकोचा फोन. बाळंतपणाला आठ महिने झाले, तेव्हापासून रक्त जातंय, सांगणार कुणाला? बाळ अंगावर पितंय. बायकोने आधी विचारलं, ‘कापूर नाही ना घेतलास?’

‘दोनदा घेतला, काकू.’

उद्या त्या दोघी भुसावळला दाखवायला जाताहेत.