तारे मोजतंस कित्याक?

फ्रीजच्या लेबलवर युनिटचा आकडा जिथे असतो, नेमका तिथेच दुकानाने ‘सुलभ हप्ते’चा पिवळा स्टिकर चिकटवला होता. मी नखाने कोपरा उचकटायला लागलो, तर सेल्समन धावत आला. “दादा, पाच स्टार आहे. अजून काय बघायचंय?”

तेच तर बघायचं होतं! तारे फ्रीजच्या लिटरच्या हिशेबाने मिळतात. म्हणून मोठा पाच तारेवाला छोट्या तीन तारेवाल्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. वर निकष अधूनमधून कडक होतात, लेबलवर मुदत छापतात ती त्यासाठीच. ऊर्जा दक्षता ब्युरोने २००६ पासून ही लेबलं आणली ती गिऱ्हाईकाने वाचावीत म्हणून; दुकानं त्यांच्याकडे स्टिकर लावायची मोकळी जागा म्हणून बघतात.

पंख्याचा कपॅसिटर घ्यायला आलेले एक तात्या मध्ये पडले. “मेल्या, तारे मोजतंस कित्याक? बांगडे किती मावतत ता बघ.”

“तात्यानू, ह्यो आकडो अख्ख्या वर्साचो आसता.”

“मगे पावसातले चार म्हयने वजा कर. तेव्हा लाईट नसताच.”

सेल्समनने मान डोलावली. हा मुद्दा तो पुढच्या गिऱ्हाईकाला विकणार, हे मला तिथेच कळलं. खरं तर प्रयोगशाळेत हा आकडा दार बंद ठेवून मोजतात. आमच्या घरात फ्रीजचं दार बंद राहतं ते फक्त लाईट गेल्यावर.

तात्या खुर्ची ओढून बसले. “माझो फ्रीज सतरा वर्सां चलता. दाराक सायकलची ट्यूब बांधलंय.”

मी समजावलं, दाराचं रबर गेलं की आपली ही खारी, दमट हवा आत शिरते, बर्फ साचतो, कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही. दारात दहाची नोट धरून बंद करायचं आणि ओढायची; सहज सुटली तर रबर बदलायचं.

“नोट कित्याक? आमच्या दारातसून मांजर आत जाता.”

सेल्समन चहाला गेला तेवढ्यात मी स्टिकर खस्सकन ओढला. लेबलही सोबत आलं. आकड्यातला पहिला २ फ्रीजवर राहिला, पुढचे दोन अंक हप्त्यांच्या पाठीला चिकटून गेले.

तात्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाकून पाहिलं. “वर्साक दोन युनिट? घेवन टाक!”