डीआरएल म्हणजे नुसता दिखावा? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दिवसा पेटणारे दिवे, म्हणजे डीआरएल, ही थंड आणि अंधाऱ्या देशांची गरज. आपल्याकडे ऊन रग्गड, मग त्यांचा उपयोग काय? वर ते बॅटरी आणि पेट्रोल खातात. महागड्या गाड्यांतले मॅट्रिक्स, लेझर वगैरे हेडलाइट म्हणजे पैशाचा दिखावा, आणि समोरच्याचे डोळे दिपतात तेही त्यांच्यामुळेच. त्यापेक्षा साध्या गाडीत बाजारातले एलईडी बल्ब टाका, काम भागतं.

यातल्या एक-दोन गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून मेसेज पटतो. पण शेवटचा सल्ला सरळसरळ धोक्याचा आहे, म्हणून हा खटाटोप.

आधी उन्हाचा मुद्दा. सुरुवात युरोपच्या उत्तरेकडून झाली हे बरोबर. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवसा दिवे सक्तीचे केले, स्वीडनने १९७७ मध्ये वर्षभरासाठी. पण ७ फेब्रुवारी २०११ पासून युरोपीय संघाने नव्या मॉडेलच्या कारना डीआरएल बंधनकारक केले, तेव्हा ग्रीस किंवा दक्षिण स्पेनला ‘तुमच्याकडे ऊन आहे’ म्हणून सूट दिली नाही. कारण कडक उन्हात सावलीही तितकीच गडद पडते. दुतर्फा वडाची झाडं असलेल्या जुन्या रस्त्यावर भर दुपारी ओव्हरटेक करायला जरा बाहेर आलात की समोरच्या सावलीच्या पट्ट्यातली राखाडी गाडी चटकन नजरेत भरत नाही. डोळा उन्हाला सरावलेला असतो. तिथे दोन पांढरे ठिपके दिसले तर पाय वेळेवर ब्रेकवर जातो. संध्याकाळी सूर्य समोरच्या गाडीच्या पाठीशी असला तरी तेच. आपल्याकडच्या नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइट सतत चालू ठेवणं लागू झालं, त्यामागचा विचारही हाच: रस्ता उजळायला नव्हे, दुसऱ्याला दिसायला.

मेसेज लिहिणाऱ्याला खरा आक्षेप घ्यायचाच होता तर तो ऑस्ट्रियाकडून घ्यायचा. तिथे २००५ च्या अखेरीस दिवसा दिवे सक्तीचे झाले आणि २००८ च्या सुरुवातीला सक्ती मागेही घेतली गेली. सगळ्याच गाड्यांचे दिवे पेटले तर मोटरसायकलवाला त्यात हरवतो, हा वादाचा एक भाग होता. अमेरिकेनेही डीआरएल सक्तीचे केलेले नाहीत. फायदा किती, यावर मतभेद आहेत आणि ते मान्य करायला हवेत. पण ‘ऊन आहे म्हणून उपयोग शून्य’ हे त्यातून निघत नाही.

पेट्रोलचा हिशोब तर पाच मिनिटांत होतो. एलईडी डीआरएलची जोडी साधारण वीस वॅट घेते. इंजिन आणि अल्टरनेटर (इंजिनवर चालून वीज बनवणारं यंत्र) यांच्यातली घट धरून इंधनातली चौथाई ऊर्जा दिव्यापर्यंत पोचते असं समजू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे तासाला खर्च दहा मिलीलिटरच्याही आत, दोन चहाचे चमचे. बॅटरीची काळजी तर नकोच. हे दिवे इंजिन चालू झाल्यावर पेटतात आणि बंद केल्यावर विझतात.

डीआरएलची खरी खोट मेसेजमध्ये आलीच नाही. बऱ्याच गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. समोर उजेड दिसतो, डॅशबोर्डही झगझगीत असतो, त्यामुळे चालकाला वाटतं सगळे दिवे लागलेत. एक्सप्रेस-वेवर भाताणच्या बोगद्यात किंवा खंडाळ्याच्या धुक्यात अशी गाडी मागून येणाऱ्याला पार जवळ आल्यावर दिसते. कॅनडाने याच कारणासाठी सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांचे नियम बदलले: मागचे दिवे डीआरएलबरोबर लागावेत, नाहीतर अंधारात सगळे दिवे आपोआप लागावेत, नाहीतर डॅशबोर्ड काळाच राहावा. तुमच्या गाडीच्या स्विचवर ‘ऑटो’ असेल तर तो तिथेच राहू द्या, आणि धुकं किंवा पाऊस असेल तर लो बीम, म्हणजे खाली पडणारा नेहमीचा झोत, हाताने लावा. दिवसाच्या धुक्यात ऑटोला अंधार झालाय असं वाटतच नाही.

आता महागडे ऑप्शन. काही खरंच शोभेचे असतात. बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरिजमध्ये स्फटिक बसवलेले दिवे मिळतात. दिसतात सुंदर, पण रस्ता त्यांनी एक मीटरही जास्त दिसत नाही. लेझरही आपल्या कामाचा नाही असं माझं मत. बीएमडब्ल्यूच्याच २०१४ च्या आय-एट गाडीत तो आला तेव्हा सहाशे मीटरपर्यंतच्या झोताचा दावा होता, पण तो फक्त अपरला, म्हणजे हाय बीमला, साथ देतो. आंबा घाटात सहाशे मीटर सरळ रस्ता आहे कुठे?

मॅट्रिक्सला मात्र दिखावा म्हणणं अन्याय आहे. २०१३ च्या ऑडी ए-एटमध्ये प्रत्येक हेडलाइटच्या अपरमध्ये पंचवीस एलईडी होते. कॅमेऱ्याला समोरून गाडी येताना दिसली की त्या दिशेचे तेवढेच एलईडी विझतात, बाकी रस्ता अपरवरच उजळलेला राहतो. म्हणजे मेसेज ज्याला डोळे दिपवणारा म्हणतो, तो दिवा डोळे दिपू नयेत म्हणूनच बनवलेला आहे. आपल्याकडे त्याला मर्यादा आहेत: कॅमेरा दिवे ओळखतो, आणि बिनदिव्याचा ट्रॅक्टर किंवा दुभाजकाच्या झाडीआडून येणारा ट्रक त्याला हुकू शकतो. म्हणून घाटात समोरून कुणी आलं की लो बीम हातानेच लावावा.

राहिले बाजारातले एलईडी बल्ब. हॅलोजनच्या हेडलाइटचा आरसा बल्बमधल्या तारेच्या नेमक्या जागेभोवती घडवलेला असतो. तारेच्या जागी आलेली एलईडीची चिप एखाद-दोन मिलीमीटर इकडे-तिकडे बसली की झोत विस्कटतो. संध्याकाळी गाडी भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभी करून लो बीम लावून पाहा. मूळ बल्बचा उजेड वरच्या बाजूने एका रेषेवर कापल्यासारखा थांबतो आणि डावीकडे, रस्त्याच्या कडेच्या बाजूला, थोडा वर चढतो. बल्ब बदललेल्या बऱ्याच गाड्यांत ती रेषाच राहत नाही. पांढरा धूर पसरावा तसा उजेड वर जातो, तोच थेट समोरच्याच्या डोळ्यांत. स्वतःला झगझगीत वाटतं, कारण गाडीपुढचा रस्ता उजळतो. लांबचं उलट कमी दिसतं.

हेडलाइट मंद वाटत असेल तर आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या, जुने बल्ब त्याच वॅटचे, जोडीने बदला. आणि स्टिअरिंगजवळची ० ते ३ आकड्यांची चकती वापरा. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असेल तर गाडीचं नाक वर उचलतं. तेव्हा आकडा वाढवायचा, म्हणजे झोत खाली येतो.